उपासना-सेवेची पदवी आणि कॉलेजची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेचं आणि संगीताचं काम पूर्णवेळ करू इच्छिणारे तरुण, त्यांचे आईवडील आणि त्यांना शिफारसपत्र देणारे पाळक, या तिघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. या विषयाची स्वतंत्र पदवी मुख्यतः अमेरिकेत मिळते, म्हणून बरीचशी माहिती तिथल्या कॉलेजांबद्दल आहे. भारतात राहून हेच शिक्षण कसं जुळवायचं, तेही पुढे दिलं आहे.

या पदवीत नेमकं काय शिकवतात?

तीन गोष्टी. पहिली संगीत: गळा किंवा एक मुख्य वाद्य, स्वरलिपी, हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी), श्रवणाभ्यास, पियानो, वृंदसंचालन आणि गाण्याची मांडणी. दुसरी शास्त्र: जुना आणि नवा करार, सिद्धांत, उपासनेचा इतिहास आणि तिचं धर्मशास्त्र. तिसरी प्रत्यक्ष सेवा: रविवारची उपासना आखणं, स्वयंसेवकांचा गट सांभाळणं, ध्वनियंत्रणा, पडद्यावर गीतं दाखवणं, कॉपीराइटचे नियम, पाळकांबरोबर काम करणं.

कॉलेजाकॉलेजात फरक पडतो तो या तिन्हींच्या प्रमाणात. काही ठिकाणी पदवी म्हणजे जवळजवळ पूर्ण संगीत आणि वर शास्त्राचे चार विषय. काही ठिकाणी बायबल कॉलेजची पदवी आणि जोडीला गिटार व गायन. माहितीपत्रकावर मात्र दोन्हींचं नाव सारखंच असतं.

बी.एम., बी.ए., बी.एस. यातलं कुठलं घ्यावं?

अमेरिकेतली चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक) असते. संगीत शिक्षणसंस्थांची तिथली राष्ट्रीय संघटना नॅझम १९२४ पासून काम करते. तिच्या मानकांप्रमाणे बॅचलर ऑफ म्युझिक या व्यावसायिक पदवीत किमान ६५ टक्के अभ्यास संगीताचा हवा, म्हणजे १२० पैकी ७८ क्रेडिट. संगीतातल्या बी.ए.मध्ये हे प्रमाण ३० ते ४५ टक्के, म्हणजे ३६ ते ५४ क्रेडिट असतं. बी.एस. किंवा ‘वर्शिप मिनिस्ट्री’ नावाच्या इतर पदव्यांचं प्रमाण कॉलेज स्वतः ठरवतं.

पुढे संगीतात एम.ए. किंवा एम.एम. करायचं असेल, गायनवृंद चालवायचा असेल, शाळेत संगीत शिकवायचं असेल तर बी.एम. उपयोगी पडते. मंडळीत उपासनेबरोबर युवकांचं काम, शिकवण, भेटीगाठी असं सगळंच करायचं असेल तर बी.ए. बरी, कारण तिच्यात शास्त्राला आणि दुसऱ्या एखाद्या विषयाला जागा उरते. सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या कॉलेजात) जाऊन एम.डिव्ह. ही पाळकांची पदव्युत्तर पदवी करायचा विचार पक्का असेल तर पदवीच्या चार वर्षांत संगीत भक्कम करून घ्यावं. धर्मशास्त्र नंतर सविस्तर होणारच आहे, पण पंचविशीनंतर कान आणि बोटं तयार करणं फार जड जातं.

इतकी कॉलेजं आहेत, सुरुवात कुठून करायची?

मंडळीपासून. पदवी संपल्यावर रविवारी सकाळी तुम्ही कोणासमोर उभे राहणार आहात, याचं उत्तर आधी ठरवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातली मंडळी, पुण्यातली इंग्रजी बोलणारी तरुण मंडळी, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं (सी.एन.आय.) जुनं चर्च, वसईची कॅथलिक धर्मग्रामसभा, न्यू जर्सीतली भारतीयांची मंडळी: प्रत्येक ठिकाणी लागणारं कौशल्य वेगळं आहे. पहिल्या ठिकाणी पेटी, ढोलकी आणि भजनाची चाल हातात हवी. दुसऱ्या ठिकाणी बँड, क्लिक ट्रॅक (वादकांच्या कानात वाजणारा तालाचा ठोका) आणि ध्वनियंत्रणा सांभाळता यायला हवी. तिसऱ्या ठिकाणी उपासनाविधी, चर्चच्या वर्षाचं पंचांग आणि चार आवाजांचा क्वायर लागतो.

हे न ठरवता निवड केली की कॉलेजचा झगमगता व्हिडिओ निर्णय घेतो. मोठा रंगमंच, दिवे आणि धूर यांत तयार झालेला विद्यार्थी साठ माणसांच्या आणि एका पेटीच्या मंडळीत परततो, तेव्हा त्याला काय करावं ते सुचत नाही. त्याला एकट्याने, कमी साधनांत, गायला संकोचणाऱ्या लोकांना गायला लावायचं शिक्षण मिळालेलंच नसतं. आमच्या मते कॉलेज पारखण्याची पहिली कसोटी हीच: तिथे लोकांना गायला शिकवायला शिकवतात, की लोकांसमोर गायला?

मान्यता कशी तपासायची?

अमेरिकेत मान्यता सरकार थेट देत नाही. सरकारने मान्य केलेल्या संस्था ती देतात. त्यांचे थर असे:

- संपूर्ण संस्थेची मान्यता: एस.ए.सी.एस.सी.ओ.सी., एच.एल.सी., मिडल स्टेट्स यांसारख्या संस्था. इतर विद्यापीठांत क्रेडिट चालण्यासाठी ही सर्वांत उपयोगी.
- बायबल कॉलेजांसाठी ए.बी.एच.ई. आणि ख्रिस्ती कॉलेजांसाठी टी.आर.ए.सी.एस. या दोन्ही अधिकृत आहेत. तरी यांचे क्रेडिट प्रत्येक सरकारी विद्यापीठ घेईलच असं नाही, म्हणून आधी विचारावं.
- पदव्युत्तर धर्मशिक्षणासाठी ए.टी.एस. पुढे अमेरिकेतच पीएच.डी. करायची असेल तर एम.डिव्ह. ए.टी.एस.मान्य सेमिनरीतून असलेली बरी.
- संगीत विभागासाठी नॅझम. ती नसली म्हणून विभाग वाईट ठरत नाही. असली तर शिक्षक, तासिका आणि सरावाच्या खोल्या यांची बाहेरून तपासणी झालेली असते.

कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या बोधचिन्हांवर विसंबू नका. अमेरिकी शिक्षण खात्याच्या आणि ‘चीया’ या परिषदेच्या सूचीत नाव स्वतः शोधा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा फॉर्म देण्याचा अधिकार कॉलेजला आहे का, ते ‘स्टडी इन द स्टेट्स’ या सरकारी स्थळावर दिसतं. काही राज्यांत धार्मिक संस्थांना परवान्यातून सूट असते आणि अशा संस्था कायदेशीरपणे पदव्या वाटतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर पुढचा प्रवेश किंवा नोकरी सहसा मिळत नाही. चार महिन्यांत, घरबसल्या, ‘जीवनानुभवावर’ डॉक्टरेट देणाऱ्यांपासून लांब राहा.

भारतात परतून विद्यापीठात शिकायचं किंवा शिकवायचं असेल तर परदेशी पदवीला समकक्षता लागते. यूजीसीने त्यासाठी २०२५ साली नवे नियम आणले आहेत. ते प्रवेश घेण्याआधी वाचा.

कुठली नावं पाहावीत?

पहिला क्रमांक कोणाचा, हे आम्ही सांगणार नाही, कारण तो तुमच्या मंडळीवर ठरतो. पण प्रकार समजायला ही नावं उपयोगी आहेत. टेक्ससमधल्या वेको शहरातलं बेलर विद्यापीठ चर्च संगीतात पदवीपासून पीएच.डी.पर्यंत शिकवतं आणि तिथे संगीताची बाजू भक्कम आहे. व्हर्जिनियातलं लिबर्टी विद्यापीठ फार मोठं, आधुनिक बँडच्या उपासनेकडे झुकलेलं आणि ऑनलाइन पर्याय देणारं. टेनेसीतल्या ली विद्यापीठाची मुळं पेंटेकॉस्टल परंपरेत आहेत. येल विद्यापीठाची सेक्रेड म्युझिक संस्था पदव्युत्तर पातळीवर संगीत, उपासनाविधी आणि कला एकत्र शिकवते. फ्लोरिडातली रॉबर्ट वेबर संस्था फक्त उपासनाशास्त्र शिकवते, तेही पदव्युत्तर आणि डॉक्टरेट पातळीवर. विद्यार्थी थोडे दिवस प्रत्यक्ष हजर राहतात आणि उरलेला अभ्यास आपल्या मंडळीत काम करता करता करतात. चाळिशीतल्या, नोकरी-सेवेत स्थिर झालेल्या माणसाला ही पद्धत सोयीची.

यादीत सहा ते आठ नावं ठेवा. दोन जिथे प्रवेश अवघड आहे, तीन-चार जिथे मिळावा, आणि एक तरी अशी की शिष्यवृत्ती नाही मिळाली तरी परवडेल.

माहितीपत्रक कसं वाचायचं?

माहितीपत्रक बाजूला ठेवा. कॉलेजचा ‘कॅटलॉग’ उघडा आणि त्यातला आठ सत्रांचा तक्ता काढा. त्यात हे मोजा:

गायन किंवा वाद्याची वैयक्तिक शिकवणी किती सत्रं आहे? बहुतेक ठिकाणी आठवड्याला अर्ध्या तासाच्या शिकवणीला १ क्रेडिट आणि तासाभराच्या शिकवणीला २ क्रेडिट असतात. चार वर्षांत फक्त दोनच सत्रं शिकवणी असेल तर गळा तयार होणार नाही.

श्रवणाभ्यास आणि हार्मनी किती? चार सत्रं असली तर उत्तम. दोन असली तर पाया कच्चा राहतो.

शास्त्र आणि सिद्धांताचे किती विषय आहेत, आणि ‘उपासनेचं धर्मशास्त्र’ हा विषय कोण शिकवतो? तो फक्त बँडचा माणूस शिकवत असेल तर थांबून विचार करा. स्तोत्रसंहिता, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, मंडळीचा इतिहास यांशिवाय उपासनेचा अभ्यास म्हणजे गाण्यांची यादी करणं होतं.

कॉपीराइटचा विषय आहे का? अमेरिकेच्या कायद्यात उपासनेत गीत गाण्याला सूट आहे, पण पडद्यावर दाखवण्यासाठी शब्दांच्या स्लाइड बनवणं, प्रती काढणं आणि थेट प्रक्षेपण त्या सुटीत येत नाही. त्यासाठी सी.सी.एल.आय.सारखा परवाना लागतो. भारताच्या १९५७च्या कायद्याच्या कलम ५२मध्येही धार्मिक विधीतल्या सादरीकरणाला सूट आहे, पण यूट्यूबवर टाकलेली उपासना ही वेगळी गोष्ट आहे. मंडळीच्या वाहिनीवर हरकत येते ती इथेच.

आणि एक छुपी गोष्ट. वृंदाला १ क्रेडिट असतो, पण वेळ आठवड्याला चार-पाच तास जातो, दौरे वेगळे. म्हणून संगीताच्या विद्यार्थ्याचे १६ क्रेडिट दुसऱ्याच्या १६ पेक्षा जड असतात. पहिल्याच सत्रात तीन वृंद घेणारा विद्यार्थी डिसेंबरपर्यंत थकतो आणि नापास होतो तो हार्मनीत.

ऑडिशनला काय लागतं?

नेहमीची मागणी अशी: एकमेकांपेक्षा वेगळ्या वळणाची दोन गीतं (एक पारंपरिक स्तोत्र किंवा शास्त्रीय गीत, एक आजचं उपासना गीत), स्केल, ऐकलेला स्वरसमूह परत गाणं, समोर ठेवलेली सोपी स्वरलिपी पाहून गाणं, आणि छोटी मुलाखत. काही ठिकाणी स्वतः वाजवत गाऊन लोकांना गायला लावा, असंही सांगतात.

परदेशातून ध्वनिचित्रफीत चालते. ती करताना:

- एका चित्रफितीत एक गीत, सलग, मध्ये कापाकापी नाही, ऑटोट्यून किंवा रिव्हर्ब नाही. परीक्षकांना प्रक्रिया केलेला आवाज लगेच कळतो आणि त्यांचा विश्वास उडतो.
- फोन आडवा, छातीच्या उंचीवर, दोन-तीन मीटर अंतरावर. जवळ ठेवला की वरच्या सुरात आवाज फाटतो.
- पंखा बंद. खोलीत पडदे, गादी, कपाट असू द्या. रिकाम्या फरशीच्या हॉलमध्ये शब्द घुमतात.
- साथ शक्यतो माणसाची. पेटी किंवा पियानो तुमच्या आवाजापेक्षा हळू ऐकू यायला हवा.
- सुरुवातीला नाव आणि गीताचं नाव एका वाक्यात. साक्ष सांगायची जागा निबंधात आहे.

एक मराठी गीत पाठवावं का? जिथे मोकळीक आहे तिथे जरूर पाठवा, सोबत चार ओळींचा अर्थ द्या. ओवी किंवा अभंगाच्या चालीतलं ख्रिस्ती भजन नीट गाणारा अर्जदार त्यांच्याकडे रोज येत नाही. मात्र दुसरं गीत स्टाफ नोटेशनवरून (पाश्चात्त्य स्वरलिपीवरून) बसवलेलंच असू द्या.

सर्वांत जास्त वेळा चुकतं ते पट्टीत. मुलं रेकॉर्डिंगमधल्या गायकाच्या पट्टीत गातात, म्हणजे स्वतःला फार उंच. तुमचा आवाज काळी एकमध्ये खुलत असेल तर त्यातच गा. मंडळीसाठी गीत बसवतानाही हाच विचार लागतो: सर्वसाधारण लोकांना मधल्या सप्तकाच्या खालच्या पांढरी सहापासून वर तार सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत सहज गाता येतं. त्यापुढे चाल गेली की पुरुष गप्प होतात. मुलाखतीत हे सांगता आलं, तर हा विद्यार्थी लोकांचा विचार करतो, हे परीक्षकांना दिसतं.

मी पेटी आणि गायन शिकलोय, गांधर्वच्या परीक्षा दिल्यात. स्टाफ नोटेशन येत नाही. चालेल?

प्रवेश मिळू शकेल, पहिलं वर्ष मात्र अवघड जाईल. मध्यमा किंवा विशारदपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याचा कान, ताल आणि स्मरण उत्तम असतं. अडतं ते तीन ठिकाणी: स्वरलिपी वाचण्याचा वेग, कॉर्डची रचना, आणि दोन हातांनी पियानो. पेटीवर डावा हात भात्याला जातो, त्यामुळे तो वाजवायला शिकलेलाच नसतो.

जायच्या आधी एक वर्ष मिळालं तर असं करा. ट्रिनिटी किंवा ए.बी.आर.एस.एम. या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांचे अभ्यासक्रम भारतात सहज मिळतात. त्यांची थिअरी पाचव्या ग्रेडपर्यंत पूर्ण करा, परीक्षा दिली नाही तरी चालेल. रोज ४० मिनिटं पियानो: बारा मेजर स्केल दोन्ही हातांनी, मग प्रत्येक पट्टीत पहिला, चौथा, पाचवा आणि सहावा कॉर्ड. याच क्रमांकांची पद्धत अमेरिकेतल्या चर्च बँडमध्ये चालते आणि सा-रे-ग-मची सवय असलेल्याला ती पटकन उमगते, कारण दोन्हींत पट्टी बदलली तरी नातं तेच राहतं. रोज दहा मिनिटं अनोळखी स्वरलिपी पाहून गाणं, चुकलं तरी न थांबता.

प्रमाणपत्रं अर्जाला जरूर जोडा आणि एका परिच्छेदात समजवा की विशारद ही प्रारंभिकपासून टप्प्याटप्प्याने काही वर्षांनी येणारी परीक्षा आहे. न समजावल्यास ते त्याला छंदवर्गाचं प्रमाणपत्र समजतात.

प्रत्यक्ष सेवेचा अनुभव कॉलेजने कसा द्यायला हवा?

चांगल्या अभ्यासक्रमात एक पूर्ण सत्र किंवा उन्हाळा एखाद्या मंडळीत काम करावं लागतं. तिथला एक अनुभवी सेवक देखरेख करतो, लेखी अभिप्राय देतो आणि कॉलेजचा शिक्षक भेट देतो. विचारा: मंडळी कोण शोधून देतं, तास किती, विद्यार्थी स्वतः उपासना आखतो का मागे उभा राहून गिटारच वाजवतो, आणि लहान मंडळी किंवा दुसऱ्या भाषेची मंडळी निवडता येते का.

कॉलेजच्या चॅपलमध्ये (कॉलेजातल्या नेहमीच्या उपासनेत) तीच निवडक दहा मुलं चार वर्षं मंचावर दिसत असतील, तर उरलेल्यांना काय मिळतं? गेल्या सत्राचं वेळापत्रक मागा. पाळीपाळीने सगळ्यांना संधी देणारी कॉलेजं ते आनंदाने पाठवतात.

खर्चाचा हिशोब कसा मांडायचा?

छापलेली फी पाहून दचकू नका आणि शिष्यवृत्तीचा आकडा पाहून हुरळूनही जाऊ नका. हिशोब असा: शिक्षण शुल्क, राहणं-जेवण, आरोग्यविमा, संगीत विभागाचं वेगळं शुल्क, पुस्तकं, प्रवास यांची बेरीज, त्यातून फक्त परत न करायच्या शिष्यवृत्त्या वजा. कर्ज वजा करायचं नाही. कॅम्पसवरच्या कामाची कमाईही धरायची नाही, कारण ती मिळेलच असं नाही.

उदाहरण म्हणून, एका ठिकाणी एकूण ४५,००० डॉलर आणि शिष्यवृत्ती २०,००० आहे; दुसऱ्या ठिकाणी एकूण ३०,००० आणि शिष्यवृत्ती ८,०००. पहिल्याची शिष्यवृत्ती मोठी, पण खिशातून २५,००० जातात, दुसरीकडे २२,०००. चार वर्षांत हा फरक १२,००० डॉलरचा होतो. शिवाय फी दरवर्षी थोडी वाढते आणि शिष्यवृत्ती बहुधा तेवढीच राहते.

अमेरिकी सरकारची विद्यार्थी मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. मिळू शकतं ते कॉलेजचं स्वतःचं: गुणवत्तेची शिष्यवृत्ती, ऑडिशनवर मिळणारी, वृंदात गाण्याबद्दलची, आणि संप्रदायाची. वृंदाची शिष्यवृत्ती तो वृंद सोडला की जाते, आणि गुणांची अट मोडली तरी जाते. दोन्ही अटी लेखी मागा.

उपासना-सेवेत पगार मोठे नसतात. म्हणून घर गहाण ठेवून घेतलेलं चाळीस लाखांचं कर्ज आम्हाला पटत नाही. ते फेडण्यासाठी सेवा सोडून दुसरीच नोकरी धरावी लागते, आणि ज्यासाठी शिकलो तेच मागे पडतं.

तिथे शिकताना चर्चमध्ये वाजवून थोडे पैसे मिळवता येतील?

याबाबत फार सांभाळा. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेर पैसे घेऊन काम करायला परवानगी लागते, आणि चर्च त्याला अपवाद नाही. रविवारी कीबोर्ड वाजवल्याबद्दल प्रेमाने दिलेलं पाकीटही मोबदलाच धरला जाऊ शकतो. त्यातून व्हिसाची स्थिती जाऊ शकते.

कायदेशीर मार्ग दोन. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली इंटर्नशिप असेल तर सी.पी.टी. ही परवानगी, साधारण एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर. पदवीनंतर विषयाशी संबंधित कामासाठी १२ महिन्यांची ओ.पी.टी. ही परवानगी. त्यानंतर तिथेच मंडळीत काम करायचं असेल तर आर-१ हा धार्मिक सेवकांचा व्हिसा आहे. त्यासाठी अर्जाआधी किमान दोन वर्षं त्याच संप्रदायाचं सभासदत्व लागतं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. म्हणून आपल्या मंडळीचा सभासदत्वाचा दाखला, बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या तारखांसह, निघतानाच बरोबर घ्या.

ऑनलाइन पदवी घ्यावी का?

मंडळीत आधीच सेवा करणाऱ्या, संगीत पक्कं असलेल्या माणसाला धर्मशास्त्राची बाजू ऑनलाइन उत्तम करता येते. गळा, वृंद आणि संचालन शिकायचं असेल तर नाही. एफ-१वर असताना पूर्णवेळच्या किमान १२ क्रेडिटमध्ये सत्राला एकच ऑनलाइन विषय धरला जातो. आणि संपूर्ण ऑनलाइन परदेशी पदवीची भारतात समकक्षता मिळवणं अवघड आहे.

भारतातच राहून हे शिक्षण कसं घ्यायचं?

मराठी मंडळीत सेवा करायची असेल तर हा रस्ता आम्हाला अधिक योग्य वाटतो, आणि तो दुय्यम मुळीच नाही. उपासना-सेवेची एकच जोडपदवी इथे सहज मिळत नाही, पण दोन भाग वेगवेगळे आणि चांगले मिळतात.

संगीताचा भाग: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, एस.एन.डी.टी.; बाहेरून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीचं कलै कावेरी हे १९७७ साली सुरू झालेलं, कॅथलिक परंपरेतलं ललितकला महाविद्यालय आहे. मुंबईत अंधेरीचा ज्ञान आश्रम भारतीय संगीत-नृत्यातून ख्रिस्ती आशय मांडण्यासाठी ओळखला जातो.

धर्मशास्त्राचा भाग: पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्यात आली. सेरामपूरच्या सिनेटशी (धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या मंडळाशी) संलग्न सेमिनरी देशभर आहेत. सेरामपूर कॉलेज १८१८चं, पदव्या देण्याचा अधिकार १८२७च्या डॅनिश सनदेतून आणि १९१८च्या कायद्यातून आलेला. मुख्य प्रवाहातल्या संप्रदायांत दीक्षेसाठी (पाळकपदावर नेमणुकीसाठी) सहसा सेरामपूरची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी मागतात. ए.टी.ए. ही आशियातल्या धर्मशिक्षण संस्थांची मान्यता आहे. मंडळ्या आणि परदेशी सेमिनरी ती मानतात, पण ती सरकारी मान्यता नव्हे. नुसत्या ए.टी.ए.मान्य बी.टीएच. या धर्मशास्त्राच्या पदवीवर बी.एड. किंवा सरकारी नोकरीचा अर्ज अडतो.

म्हणून क्रम असा सुचवतो: आधी विद्यापीठाची संगीतातली बी.ए. (किंवा कुठलीही पदवी आणि जोडीला विशारद), मग बी.डी. किंवा एम.डिव्ह. सहा-सात वर्षं लागतात, पण हातात विद्यापीठाची पदवी, तयार गळा आणि दीक्षेला चालणारं धर्मशिक्षण असं तिन्ही येतं, तेही अमेरिकेतल्या एका वर्षाच्या खर्चापेक्षा बरंच कमी पैशांत.

मराठी उपासनेची परंपरा श्रीमंत आहे. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, ओवी आणि कीर्तन मंडळीत आणलं, आणि आजही ‘उपासना संगीत’ हातात घेऊन लोक ती भजनं गातात. दक्षिणेत मदुराईच्या तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीत थिओफिलस अप्पावू यांनी तमिळ लोकसंगीतात संपूर्ण उपासनाविधी बांधला. असं काम करायचं असेल तर आपल्या भाषेचा छंद, वृत्त आणि ताल यांचा अभ्यास लागतो, आणि तो परदेशी कॉलेजात होणार नाही. सेमिनरी निवडताना विचारा: चॅपल कुठल्या भाषेत होतं, भारतीय वाद्यं वापरतात का, शनिवार-रविवारी विद्यार्थ्याला मराठी मंडळीत पाठवतात का.

आम्ही कॅथलिक आहोत. आमच्यासाठी काय?

तुमच्याकडे काम उपासनाविधीच्या वर्षाभोवती फिरतं: आगमनकाळ, उपवासकाळ, पवित्र सप्ताह. प्रापंचिक व्यक्तीने विधीशास्त्राचा अभ्यास पुण्याच्या ‘ज्ञानदीप’ या कॅथलिक धर्मशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी विचारावा आणि संगीत वेगळं शिकावं. गोव्यात कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग व्हायोलिन, पियानो, गायन शिकवतो, आणि तिथल्या चर्चांत वृंदगायनाची परंपरा जिवंत आहे. कोकणी-मराठी मिस्साचं संगीत करायचं असेल तर गोवा किंवा वसईत दोन वर्षं एखाद्या जाणत्या वृंदप्रमुखाच्या हाताखाली काढण्याची किंमत एका पदवीइतकी आहे.

मुलींना पुढे काम मिळतं का?

मिळतं, पण पदनाम आणि संप्रदाय पाहा. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट संप्रदायाच्या २०००च्या श्रद्धापत्रकात पाळकपद पुरुषांपुरतं मर्यादित आहे, त्यामुळे ‘वर्शिप पास्टर’ अशी जागा असेल तर अडचण येते. संचालक किंवा समन्वयक या नावाने तेच काम अनेक ठिकाणी मिळतं. सी.एन.आय. आणि मेथडिस्ट संप्रदायांत स्त्रियांना दीक्षाही मिळते. कॉलेजला विचारा: या विभागातून बाहेर पडलेल्या मुली आज काय करतात?

पदवी झाली की दीक्षा मिळते का?

नाही. दीक्षा मंडळी देते. तुमच्या बिशपांशी किंवा संप्रदायाच्या समितीशी अर्जाआधी बोला. कित्येकदा त्यांच्या शिफारशीशिवाय घेतलेलं शिक्षण नंतर मोजलंच जात नाही.

महाराष्ट्रात फक्त उपासनेसाठी पगारी जागा मोजक्या आहेत, त्याही बहुधा मुंबई-पुण्याच्या मोठ्या मंडळ्यांत. म्हणून जोडीला शाळेत संगीत शिकवणं, ध्वनिमुद्रण किंवा भाषांतर यांपैकी एक कौशल्य कमवा.

कॉलेज मध्येच बंद पडलं तर?

हा प्रश्न आता खरोखर विचारायला हवा. सिनसिनाटी ख्रिश्चन युनिव्हर्सिटी २०१९ साली, न्यूयॉर्कची अलायन्स युनिव्हर्सिटी २०२३ साली आणि इलिनॉयची लिंकन ख्रिश्चन युनिव्हर्सिटी २०२४ साली बंद झाली. विद्यार्थीसंख्या घटली की छोट्या ख्रिस्ती कॉलेजांवर ताण येतो, आणि छोटे विभाग आधी बंद होतात.

लक्षणं ओळखा: मान्यता संस्थेच्या स्थळावर कॉलेजपुढे ‘प्रोबेशन’ किंवा ‘शो कॉज’ असा शेरा, तीन-चार वर्षांत सतत घटलेली पटसंख्या, संगीताचे कायम शिक्षक जाऊन तासिकेवरचे आलेले, जमीन किंवा इमारत विकल्याची बातमी. बंद होणाऱ्या कॉलेजला विद्यार्थ्यांना दुसरीकडे पदवी पूर्ण करू देणारा करार करावा लागतो, पण संगीताची शिकवणी आणि रिसायटल (विद्यार्थ्याचं एकल सादरीकरण) दुसरीकडे जसंच्या तसं धरतीलच असं नाही. दर सत्राला अधिकृत गुणपत्रक आणि प्रत्येक विषयाचा आराखडा स्वतःकडे जपून ठेवा.

श्रद्धापत्रक आणि आचारसंहितेवर सही करावी लागते का?

बहुतेक ठिकाणी हो. दोन्ही आधी वाचून पाळकांबरोबर बसून चर्चा करा. बाप्तिस्म्याची पद्धत, आत्म्याची दानं, मद्य, पेहराव, चॅपलची सक्तीची हजेरी यांवर कॉलेजांची मतं वेगळी असतात. न पटणाऱ्या गोष्टीवर प्रवेशासाठी सही करू नका.

तयारी केव्हा सुरू करायची?

ऑगस्टच्या प्रवेशासाठी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये. जून-जुलैत यादी आणि कॅटलॉग वाचन. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंग्रजीची परीक्षा, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती, पाळक आणि संगीतगुरू यांना शिफारसपत्रांची विनंती. पत्र देणाऱ्याला किमान चार आठवडे द्या आणि तुम्ही मंडळीत काय काय केलं याची यादी सोबत द्या, म्हणजे पत्र गुळगुळीत होत नाही. ऑक्टोबरमध्ये ध्वनिचित्रफिती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऑडिशन. मार्च-एप्रिलमध्ये शिष्यवृत्तीचे देकार हातात घेऊन वरचा हिशोब मांडा. बऱ्याच ठिकाणी १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं.

त्यानंतर पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा, आय-२०, ३५० डॉलरचं सेविस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) आणि व्हिसाची मुलाखत. मुलाखतीत अडखळतात ते एका प्रश्नावर: हे शिकून परत येऊन काय करणार? आपल्या पाळकांचं, मंडळीत तुमच्यासाठी कोणतं काम ठरलं आहे हे सांगणारं पत्र बरोबर असू द्या, आणि त्यात लिहिलेलं तुम्हाला स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत सांगता यायला हवं.